इलिनॉयने फाशी आधी थांबवली, मग तपासली, मग बंद केली

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फाशी बंद झाली त्याला आता बरीच वर्षं झाली, कायदा २०११ चा आहे, तरी एखादा भयंकर गुन्हा घडला की इथल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर तेच सुरू होतं, असल्यांना आयुष्यभर फुकट पोसायचं कशाला, भर चौकात लटकवा, निदान भारतात तरी फाशी आहे वगैरे वगैरे. लिहिणारी माणसं वाईट नसतात, त्यांच्याही घरी मुलंबाळं आहेत आणि तो राग अगदी खरा असतो. त्या रागाशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या एका राज्याने हा प्रश्न रागाच्या भरात न सोडवता अकरा वर्षं एकेक केस उघडून बघितली, आणि त्यात काय सापडलं हे माहीत नसताना आपण 'लटकवा' म्हणतो ते मला पटत नाही.

गव्हर्नरने फाशीच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली म्हणजे तो घाबरला, पळवाट काढली, असं सर्रास म्हटलं जातं आणि काही राज्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण इलिनॉयची स्थगिती तशी नव्हती. तिथे थांबल्यावर काम झालं आणि कामानंतर निर्णय झाला. मला तो क्रम महत्वाचा वाटतो आणि आज कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात नेमकं तेच होत नाहीये.

थोडं मागचं सांगायला हवं. १९७२ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देशभरातले तेव्हाचे फाशीचे कायदे रद्दबातल केले, १९७६ मधे नव्या नियमांसह परत परवानगी दिली, आणि इलिनॉयने लगेच १९७७ मधे नवीन कायदा केला. त्या वेळी बाजूने मत देणाऱ्या आमदारांमधे कँककी नावाच्या छोट्या गावातला एक फार्मासिस्ट होता, रिपब्लिकन, जॉर्ज रायन. तोच पुढे १९९९ मधे गव्हर्नर झाला. १९७७ पासून २००० पर्यंतचा हिशोब काढला तर या राज्याने १२ जणांना विषाचं इंजेक्शन देऊन मारलं आणि १३ जणांना आधी फाशी सुनावून नंतर चूक झाली म्हणून सोडलं. ज्या कारभारात मारलेल्यांपेक्षा चुकून पकडलेले जास्त निघतात तो तसाच पुढे चालवायचा का, हा प्रश्न कुठल्याही गव्हर्नरला पडायला हवा होता, पडला रायनला.

अँथनी पोर्टरची केस इथे बऱ्याच जणांना माहीत असते, निदान अर्धी. १९८२ मधे शिकागोच्या साउथ साइडला वॉशिंग्टन पार्कमधे एका तरुण जोडप्याला गोळ्या घालून मारलं, पोर्टर पकडला गेला, फाशी झाली, अपिलं संपली आणि सप्टेंबर १९९८ ची तारीख पडली. तारखेला जेमतेम दोन दिवस राहिले असताना राज्याच्या सुप्रीम कोर्टाने थांबवलं, आणि तेसुद्धा तो निर्दोष असेल अशी शंका आली म्हणून नाही तर त्याचा आयक्यू ५१ च्या आसपास होता आणि आपल्याला कशासाठी मारतायत हे त्याला समजतं का हे आधी बघायचं होतं म्हणून. त्या मिळालेल्या वेळात नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतले पत्रकारितेचे एक प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि एक खासगी डिटेक्टिव्ह यांनी केस परत खणून काढली, साक्षीदाराने साक्ष फिरवली, दुसऱ्याच एका माणसाने कॅमेऱ्यासमोर कबुली दिली आणि फेब्रुवारी १९९९ मधे पोर्टर बाहेर आला. टीव्हीवर ते सगळ्या देशाने बघितलं. रायनने पुढे परत परत सांगितलं की त्याची झोप उडवली ती या केसने.

उरलेली अर्धी गोष्ट अशी की त्या दुसऱ्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्याला ३७ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१४ मधे कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं तिथल्या, प्रॉसिक्युटरने (सरकारी वकिलाने) त्यालाही सोडून दिलं. का, तर ती कबुली मिळवताना डिटेक्टिव्हने एका नटाला साक्षीदार बनवून त्याचा खोटा व्हिडिओ त्याला दाखवला होता, त्याला वकीलही त्या डिटेक्टिव्हच्याच ओळखीतला मिळाला होता, आणि हे सगळं जबरदस्तीचं होतं असं प्रॉसिक्युटरच्या ऑफिसनेच जाहीर सांगितलं. म्हणजे आज त्या दोन खुनांसाठी कोणीही तुरुंगात नाही.

फाशीच्या बाजूचे लोक ही दुसरी अर्धी गोष्ट हुकमाच्या पानासारखी टाकतात, की बघा, अख्खी स्थगिती एका बनावावर उभी होती, पोर्टरच खुनी असणार. मी यावर पुष्कळ विचार केलाय. समजा त्यांचं खरं धरलं तरी निघतं काय? त्याच काउंटीतल्या कोर्टांनी एकाच गुन्ह्यासाठी आधी एक माणूस दोषी ठरवला, मग दुसरा दोषी ठरवला, दोन्ही वेळा कागदपत्रं चोख होती, दोन्ही वेळा सगळ्यांची खात्री होती आणि आज दोन्ही निकाल पुसले गेलेत. दुसरा माणूस पंधरा वर्षांनी घरी जाऊ शकला याचं कारण त्याला ३७ वर्षं झाली होती, फाशी नाही. फाशी झाली असती आणि अंमलात आली असती तर २०१४ मधे प्रॉसिक्युटरने कोणाला सोडलं असतं? पोर्टर खुनी होता की नव्हता हे मला माहीत नाही आणि इतक्या वर्षांनी कोणालाच ठामपणे सांगता येत नाहीये, माझा मुद्दा नेमका तिथेच आहे.

पोर्टर बाजूला ठेवा हवं तर. नेपरव्हिलची केस घ्या. आज नेपरव्हिल आणि शेजारचं ऑरोरा म्हणजे आपल्या लोकांचा बालेकिल्ला आहे, चांगल्या शाळा म्हणून कितीतरी मराठी कुटुंबं तिथे घर घेतात. फेब्रुवारी १९८३ मधे याच नेपरव्हिलमधून आजारी म्हणून शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला कोणीतरी दार फोडून पळवून नेलं, अत्याचार केले आणि मारून टाकलं. यापेक्षा चीड आणणारा गुन्हा कुठला असणार. गाव खवळलं होतं, निवडणूक जवळ आली होती, आणि बक्षिसाच्या आशेने काहीबाही सांगत फिरणारी ऑरोरातली दोन लॅटिनो पोरं पोलिसांना सापडली. रोलांडो क्रूझ आणि अलेहांद्रो हर्नांडेझ. १९८५ मधे दोघांना फाशी. त्याच वर्षी दुसऱ्या खुनांत पकडलेल्या ब्रायन डुगनने वकिलामार्फत कळवलं की ते मीच केलं, एकट्याने केलं, तरी सरकारी पक्ष हटला नाही. वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला, १९९० मधे क्रूझला परत फाशी.

क्रूझविरुद्धचा मोठा पुरावा काय होता ते वाचताना मला कसंतरी होतं. पोलिसांचं म्हणणं होतं की त्याने आम्हाला त्याला पडलेलं एक स्वप्न सांगितलं आणि त्यात खुन्यालाच माहीत असतील अशा गोष्टी होत्या. इतकी महत्वाची गोष्ट, पण त्याचा रिपोर्ट नाही, टेप नाही, नोंद नाही. आम्ही त्याच रात्री साहेबांना फोन करून सांगितलं होतं असं डिटेक्टिव्ह शपथेवर सांगत होते आणि साहेबही हो म्हणत होते. १९९५ मधे तिसऱ्या खटल्यात त्या साहेबांनी कोर्टात सांगितलं की माझी चूक झाली, मी त्या दिवशी फ्लोरिडात होतो, असा फोन मला येणं शक्यच नव्हतं. डीएनएने क्रूझ आधीच वगळला गेला होता आणि बोट डुगनकडे जात होतं. न्यायाधीशांनी बचाव पक्षाचं ऐकायचीही गरज नाही म्हणून क्रूझला तिथल्या तिथे सोडलं. या सगळ्यात एक नाव मला विसरता येत नाही, मेरी ब्रिजिड केनी. ती राज्याच्या अटर्नी जनरलच्या ऑफिसमधली वकील होती, क्रूझचं अपील हाणून पाडायचं काम तिच्याकडे आलं, तिने रेकॉर्ड वाचलं आणि १९९२ मधे राजीनामा दिला, निर्दोष माणसाला मारायच्या कामात मी नाही म्हणून. पगार, करिअर सगळं पणाला लावून एक सरकारी वकील उठून जाते हे किती वेळा होतं? उरलेली यंत्रणा मात्र आणखी तीन वर्षं तशीच पुढे चालत राहिली. डुगनला त्या मुलीच्या खुनासाठी २००९ मधे फाशी सुनावली गेली. सव्वीस वर्षं त्या आईवडलांनी कोर्टाच्या बाकांवर काढली, ती काही फाशीविरोधी लोकांमुळे नाही, चुकीच्या माणसांमागे लागलेल्या प्रॉसिक्युटर्समुळे.

आणि हे एखाददुसरं प्रकरण आहे असंही नाही. नोव्हेंबर १९९९ मधे शिकागो ट्रिब्यूनच्या दोन पत्रकारांनी १९७७ पासूनच्या सगळ्याच्या सगळ्या २८५ फाशीच्या केसेस तपासल्या. ३३ जणांचे वकील असे होते की ज्यांची सनद कधी ना कधी रद्द किंवा निलंबित झाली होती. ४६ केसेसमधे तुरुंगातल्या खबऱ्यांची साक्ष वापरली होती, म्हणजे स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून 'याने मला कोठडीत कबूल केलं' सांगणारे. कितीतरी काळ्या आरोपींना पूर्णपणे गोऱ्या ज्युरीने फाशी दिली होती. शिकागोच्या एरिया टू पोलीस ठाण्यात कमांडर जॉन बर्ज आणि त्याची माणसं विजेचे झटके देऊन, तोंडावर प्लॅस्टिकचं आवरण दाबून कबुल्या घ्यायची, त्यातले काही जण डेथ रोवर, म्हणजे फाशीची वाट बघणाऱ्या कैद्यांमधे, पोचले होते. बर्जला २०१० मधे दोषी ठरवलं ते छळासाठी नव्हे, त्याबद्दल शपथेवर खोटं बोलल्यासाठी, कारण छळाच्या गुन्ह्याची मुदत कधीच उलटून गेली होती. २०१५ मधे शिकागो शहराने त्या माणसांसाठी ५५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली.

३१ जानेवारी २००० ला रायनने स्थगिती जाहीर केली, देशात पहिल्यांदा. त्याने कायदा रद्द केला नाही, फक्त सांगितलं की चूक होत नाही याची खात्री पटेपर्यंत मी कोणाला मारू देणार नाही, आणि चौदा जणांचं कमिशन नेमलं ज्यात माजी न्यायाधीश होते, सरकारी वकील होते, बचावाचे वकील होते, फाशीचे समर्थकही होते. त्यांनी दोन वर्षं काम करून एप्रिल २००२ मधे ८५ शिफारशी दिल्या. खुनाच्या संशयितांची चौकशी पूर्ण रेकॉर्ड करा, फाशीला पात्र ठरवणारी कारणं २० वरून ५ वर आणा, एकट्या खबऱ्याच्या किंवा एकट्या साक्षीदाराच्या जोरावर फाशी देऊ नका, आणि फाशी मागायची की नाही हे १०२ काउंट्यांच्या १०२ प्रॉसिक्युटर्सवर न सोडता राज्य पातळीवर एक समिती ठेवा. कमिशनसाठी झालेल्या अभ्यासात दिसलं की मारला गेलेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता जास्त, आणि शिकागोपेक्षा ग्रामीण काउंटीत जास्त. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, नदीच्या अलीकडे खून केला की पलीकडे यावर जीव जाणार की राहणार ठरत असेल तर त्याला कायदा कसं म्हणायचं.

यातली रेकॉर्डिंगची शिफारस कायदा झाली, तेव्हा इलिनॉय सिनेटमधे असलेल्या बराक ओबामाने ते बिल नेलं होतं आणि पोलिसांनीही शेवटी मान्य केलं. मोठ्या शिफारशी मात्र, म्हणजे कारणं कमी करणं आणि राज्य पातळीवरची समिती, आमदारांनी होऊ दिल्या नाहीत. ज्यांना फाशी ठेवायची होती त्यांनीच ती सुरक्षित करायचे उपाय अडवले हे मला आजही कळत नाही.

मग जानेवारी २००३. पद सोडायला दोन दिवस असताना रायनने डेथ रोवरच्या १६७ जणांची फाशी एका झटक्यात रद्द केली, बहुतेकांना मरेपर्यंत जन्मठेप, आणि त्याच्या आदल्या दिवशी बर्जच्या लोकांनी छळलेल्या चार जणांना पूर्ण माफी. इथे मला थांबून त्या कुटुंबांची बाजू मांडायची आहे कारण आमच्यासारखे फाशीविरोधी लोक ती पटकन ओलांडून जातात. ऑक्टोबर २००२ मधे या सगळ्यांच्या दयेच्या अर्जांवर सुनावण्या झाल्या होत्या, आया, बाप, भाऊ, नवरे परत येऊन तेच सगळं सांगत होते, रडत होते, आणि त्यांना वाटत होतं की प्रत्येक केस वेगळी बघितली जाईल. मग सरसकट निर्णय आला. त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? त्या १६७ मधे असेही होते ज्यांच्या गुन्ह्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. खुद्द रायनच्या शेजारच्या, त्याच्या डोळ्यासमोर वाढलेल्या, त्याची मुलं सांभाळलेल्या माणसाला पैशासाठी पळवून जमिनीखाली पेटीत पुरलं होतं आणि तो गुदमरून मेला होता, त्याच्या खुन्याचीही फाशी गेली. रायनला त्या घरच्यांना तोंड द्यायचं होतं, त्याच गावात.

मी तरीही त्या निर्णयाच्या बाजूने आहे. कारण निवडायचं म्हटलं तर निवडणार कशावरून? ज्या पोलिसांनी, वकिलांनी, साक्षीदारांनी तयार केलेल्या फाइल्सवर भरवसा नाही म्हणून तीन वर्षं सगळं थांबवलं त्याच फाइल्स वाचून याला मारा, त्याला ठेवा असं ठरवायचं? रायन स्वतः पुढे भ्रष्टाचारात तुरुंगात गेला, साडेसहा वर्षांची शिक्षा झाली, आणि लक्ष दुसरीकडे वळवायला त्याने हे केलं असा आरोप आजही होतो. असेल. त्याच्या मनात काय होतं ते मला ठरवता येत नाही पण साहेबांचा फ्लोरिडातला तो दिवस आणि एरिया टू मधले विजेचे झटके रायनच्या चारित्र्यावर अवलंबून नाहीत.

त्याने कायदा रद्द केला नव्हता त्यामुळे नवीन फाशी सुनावल्या जातच राहिल्या, स्थगिती पुढच्या गव्हर्नरनेही चालू ठेवली, आरोपींना नीट वकील मिळावेत म्हणून केलेल्या खास फंडातून दोन्ही बाजूंचे मिळून १० कोटी डॉलरच्या वर खर्च झाले, एकालाही प्रत्यक्ष मारलं नाही. सुधारणा करून बघितल्या, पैसा ओतून बघितला, आणि तोवर चुकून फाशी झालेल्यांचा आकडा २० वर गेला. जानेवारी २०११ मधे हाउसमधे ६० विरुद्ध ५४ आणि सिनेटमधे ३२ विरुद्ध २५ मतांनी रद्द करायचं बिल पास झालं. गव्हर्नर पॅट क्विन फाशीचा समर्थक होता. तरी दोन महिने सगळ्यांना भेटून, ऐकून ९ मार्चला त्याने सही केली आणि उरलेल्या १५ जणांना जन्मठेप दिली. डुगन त्यातलाच एक.

आता सगळ्यात अवघड केस. ४ जुलै २०२२, हायलंड पार्कची परेड, गच्चीवरून गोळीबार, सात माणसं गेली, लहान मुलं जखमी झाली. आरोपी कोण यात कणभर शंका नाही. अशांसाठी तरी ठेवा ना, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. ब्रूस राउनर गव्हर्नर असताना २०१८ मधे त्याने हेच सुचवलं होतं की पोलिसांना मारणारे आणि सामूहिक हत्या करणारे यांच्यासाठी फाशी परत आणू आणि अट ठेवू 'कुठलीही शंका नसेल तरच'. ते टिकलं नाही. मला त्यातली अडचण अशी दिसते की क्रूझच्या प्रॉसिक्युटर्सना तरी शंका कुठे होती? शंका नसणं ही गोष्ट कायद्यात लिहून येत नाही, ती ज्याच्या त्याच्या डोक्यात असते आणि गुन्हा जितका भयंकर तितकी ती लवकर संपते. हायलंड पार्कच्या आरोपीने मार्च २०२५ मधे गुन्हा कबूल केला, एप्रिलमधे त्याला सात जन्मठेपा झाल्या, पॅरोल नाही. त्या घरांचं दुःख त्याने कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक अपिलाला त्याचं तोंड बघत कोर्टात बसायची वेळ त्यांच्यावर येणार नाही, नेपरव्हिलच्या आईवडलांवर आली तशी.

'भारतात तरी फाशी आहे' म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलंच सांगते. २००३ च्या एका खून आणि बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली, २००९ मधे सुप्रीम कोर्टाने सहाही जणांवर शिक्कामोर्तब केलं, आणि मार्च २०१९ मधे त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांचा तपासच केला नव्हता. सोळा वर्षं गेली, भरपाई पाच पाच लाख रुपये. नेपरव्हिलमधे लॅटिनो पोरं सापडली, आपल्याकडे भटके सापडले. मधल्या काळात कोणी घाई केली असती तर २०१९ चा निकाल ऐकायला ते नसते.

म्हणून कॅलिफोर्नियाबद्दल मला राग येतो. गव्हर्नर न्यूसमने मार्च २०१९ मधे ७३७ जणांची फाशी थांबवली, सॅन क्वेंटिनची मृत्युदंडाची खोली मोडून टाकली, ठीक केलं. पण त्याच राज्यात लोकांनी २०१२ आणि २०१६ मधे, दोनदा मतदान करून, फाशी रद्द करायला नकार दिलाय, कायदा जागच्या जागी आहे, ५०० च्या वर माणसं अजून त्या शिक्षेखाली बसलेली आहेत. पेनसिल्व्हेनियात टॉम वुल्फने २०१५ मधे थांबवलं, त्याच्यानंतरच्या जॉश शापिरोने तेच चालू ठेवलंय आणि विधिमंडळाला रद्द करा म्हणून सांगितलंय, विधिमंडळ हलत नाही. तिथल्या प्रॉसिक्युटर्सना फाशी मागायची मुभा आहे, ज्युरीला ती द्यायची मुभा आहे, मारले गेलेल्यांच्या घरच्यांना सांगितलं जातं की न्याय झाला, आणि तो न्याय होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. न्यूसमची मुदत जानेवारी २०२७ मधे संपते. पुढचा गव्हर्नर एका सहीने सगळं परत सुरू करू शकतो. एकेक केस उघडायला, कबुल्या कशा मिळाल्या ते बघायला, वकील कोण होते ते तपासायला आणि ते लोकांसमोर ठेवून परत मत मागायला तिथे २०१९ पासूनचा वेळ हातात होता, आणि त्या राज्यातल्या आपल्या मतदारांनी निदान आपल्या आमदाराला तेवढं तरी विचारावं, की या वर्षांत किती फाइल्स उघडल्या.